शॉर्टकट कुठे चालतो, कुठे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘शॉर्टकट घेऊ नका, कष्टाला पर्याय नाही’ हा उपदेश तरुणांना उठता-बसता केला जातो. मला तो अर्धाच खरा वाटतो, आणि म्हणूनच तो ऐकणाऱ्याच्या मनाला भिडत नाही. वेळ वाचवण्याची इच्छा मुळात वाईट नाही. जॉन नेपियर या स्कॉटिश गणितज्ञाने सुमारे वीस वर्षे खपून १६१४ मध्ये लॉगॅरिदमची कोष्टके प्रसिद्ध केली आणि मोठमोठे गुणाकार साध्या बेरजांवर आणून ठेवले. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने ग्रहस्थिती सांगणारी १६२७ ची आपली कोष्टके तयार करताना याच युक्तीचा आधार घेतला. त्याने लांबलचक गुणाकारच करत बसायला हवे होते, असे कोणी म्हणणार नाही. कारण त्याला गुणाकार शिकायचे नव्हते, ग्रहांचे गणित मांडायचे होते.

जिथे कामातून करणाराच घडायचा असतो, तिथे मात्र हिशेब बदलतो. भूमितीचा अवघड प्रश्न घेऊन बसलेला विद्यार्थी पाच मिनिटांत कंटाळून तयार उत्तर उघडतो. त्यातली प्रत्येक पायरी त्याला पटते, ‘हे तर मला येतंच’ असे वाटते आणि वही मिटते. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न कोऱ्या कागदावर आला की पहिली रेषा कुठून काढायची हेच सुचत नाही. वाचवलेल्या अर्ध्या तासात दोन-तीन चुकीच्या रेषा काढून, खोडून, त्या का चालत नाहीत हे त्याला उमगले असते, आणि शिकणे म्हणतात ते एवढेच.

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात मला फार महत्त्वाचा वाटतो. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचल्यानंतर काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी न बघता आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४२ टक्के, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के मजकूर आठवला. दोघांनी दिलेला वेळ सारखाच होता, त्यामुळे नुसते तास मोजून कष्टांचे मोल ठरत नाही, हेही यातून दिसते. तेच पान दहादा डोळ्यांखालून घालणारा मुलगा आळशी नसतो, पण जड भाग तोही टाळतच असतो. आणि सोपी वाट लगेच तपासली तर जिंकलेली दिसते, म्हणूनच ती इतकी मोहात पाडते.

२०२० मध्ये करोनावरील एमआरएनए लस (पेशींना विषाणूचे एक प्रथिन बनवण्याची सूचना देणारी लस) वर्षभराच्या आत आली, तेव्हा अनेकांना तोही शॉर्टकटच वाटला. प्रत्यक्षात त्यामागचा कारिको आणि वाइसमन या शास्त्रज्ञांचा मूलभूत शोध २००५ चा आहे. त्याच्या दहा वर्षे आधी कारिको यांना विद्यापीठात खालच्या पदावर यावे लागले होते, तरी त्यांनी विषय सोडला नाही. नोबेल मिळाले ते २०२३ मध्ये. चाचण्यांचे टप्पे गाळले गेले नव्हते, तर काही टप्पे एकाच वेळी चालवून मधला वेळ वाचवला होता. हा भेद सामान्य वाचकापर्यंत नीट पोहोचला असता, तर लसीविषयीची भीती काही अंशी तरी कमी झाली असती, असे मला मनापासून वाटते.

म्हणून वृत्तपत्रांना एक विनंती आहे. यशस्वी व्यक्तींच्या मुलाखतींत सुरुवातीला आणि शिखराला भरपूर जागा मिळते, मधली वर्षे मात्र ‘अथक परिश्रमांनंतर’ एवढ्या दोन शब्दांत आटोपतात. त्या वर्षांत ती व्यक्ती रोज नेमके काय करत होती, कोणते काम तिने यंत्रावर किंवा दुसऱ्यावर सोपवले आणि कोणते कधीच सोपवले नाही, हे आवर्जून विचारावे आणि सविस्तर छापावे.

कळावे,
आपला एक वाचक