बाई, तुम्ही पाठ फिरवलीत म्हणून

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

आपल्या घरांमध्ये एका कुंपणाचे अंतर असताना तुम्हाला असे चारचौघांत पत्र लिहिणे थोडे विचित्र दिसेल. परंतु समोर येऊन आभार मानायला लागले की तुम्ही "पुरे गो आता" म्हणत चहा ठेवायला आत निघून जाता, आणि माझे बोलणे घशातच राहते. शिवाय, ज्यांनी वर्षभर माझ्या मुलीच्या वहीवर लाल शाईने शेरे लिहिले, त्यांच्यापैकी कोणाच्या तरी हे वाचनात यावे, असा थोडा खट्याळ हेतूही त्यामागे आहे.

त्या शाळेचे नाव मी घेणार नाही. पहिलीतल्या माझ्या मुलीला बेरीज येईपर्यंत फळ्यापाशी उभे केले जाई, आणि वर्गातले सगळे डोळे तिच्यावर रोखलेले असत. डायरीत "गणितात लक्ष नाही, शिकवणी लावावी" असे येई. पुढेपुढे गणिताच्या दिवशी सकाळीच तिचे पोट दुखू लागले. गंमत अशी की २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार ३ ते ८ वर्षांच्या मुलांना खेळातून शिकवायचे आहे, हे सांगणारा एक सुरेख रंगीत फलक त्याच शाळेच्या दारात लावलेला होता. पण दोष केवळ त्यांनाच का द्यावा? संध्याकाळी घरी तिच्या पेन्सिलीच्या टोकावर डोळे लावून मीही बसतच होते.

तुम्ही शिकवणी लावली नाहीत. निवृत्त झाल्यावर पुन्हा पाटी धरायची नाही, असे तुम्ही हसत सांगितलेत आणि तिला नुसते फिरायला नेलेत. गणेश चवथीच्या आधी, गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सामानातली तोरंजने, कांगलां, घागऱ्यो अशी रानफळे तिच्याकडून वेगवेगळी लावून घेतलीत. पावसात अंगण वाहू लागले की ओट्यावर सागरगोटे मांडलेत. त्या खेळात एक गोटा हवेत असताना खालचे किती उचलले आणि किती उरले हे क्षणात ठरवावे लागते. माझ्या मुलीला ते बिनचूक ठरवता येत होते, आणि वजाबाकी येत नाही म्हणून तिचे पोट दुखत होते, हे मला त्या ओट्यावर कळले.

नदीवरच्या धक्क्याची गोष्ट मात्र मी सविस्तर लिहिणार आहे, कारण तिच्यात मीही शिकले. गोव्यातल्या चोडण बेटावर जन्म काढूनही मी भरती-ओहोटीकडे फेरीबोटीला चढताना पाय भिजतील की नाही, एवढ्यापुरतेच पाहत आले होते. तुम्ही रोज संध्याकाळी पाच वाजता तिला धक्क्यावर नेऊन पाणी कितव्या पायरीवर आहे, तेवढेच कोळशाने भिंतीवर लिहायला लावलेत. वेळ तीच, पण पायरी रोज वेगळी. आणि आठवडाभराने, जिथे भरती असायची त्याच वेळी ओहोटी लागलेली. तिने कारण विचारले तेव्हा तुम्ही उत्तर दिले नाहीत, "चंद्राला विचार" म्हणालात. पुढे ती रात्री अंगणात उभी राहू लागली आणि एके दिवशी धावत येऊन म्हणाली, की चंद्रही रोज उशिरा येतो, पाण्यासारखाच. भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, हे तुम्ही तिला त्यानंतर सांगितलेत, आणि मग मानशीपाशी, म्हणजे खाजनाच्या (नदीकाठच्या सखल शेतीच्या) बांधातल्या दारापाशी, नेऊन दाखवलेत, की भरतीचे पाणी स्वतःच्याच जोराने दार लोटून बंद करते आणि ओहोटीला खाजनातले पाणी तेच दार उघडून नदीकडे जाते. दोन दिवस घरातली सगळी दारे मानशीची दारे झाली होती.

एकदा तुम्ही ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण काढली होती. बोर्डीला १९४५ साली आणि पुढे कोसबाडला त्यांनी पाने, खडे, शंख-शिंपले हीच शिकवण्याची साधने मानली आणि मुले जिथे होती तिथे, अगदी गुरांमागे कुरणातसुद्धा, शाळा नेली. तुम्ही ती आमच्या धक्क्यावर आणलीत.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले, त्या म्हापशाच्या शुक्रवारकडे येते. दिवाळीच्या सुटीत आपण फेरीबोटीने पोंबुर्प्याला उतरून तिथल्या शुक्रवारच्या बाजाराला गेलो होतो. तुम्ही तुमचा कापडी बटवा, त्यात पन्नास रुपयांची सगळी सुटी नाणी घालून, तिच्या हातात दिलात आणि तांबड्या भाजीच्या दोन पेंड्या आणायला सांगितलेत. पेंडी पंधराची. ती नाणी मोजू लागली, चुकली, पुन्हा मोजू लागली. मी पुढे होणार, एवढ्यात तुम्ही माझा दंड धरून मला वळवलेत आणि स्वतःही तिच्याकडे पाठ करून समोरच्या मयड्याच्या केळ्यांचा भाव विचारू लागलात. केळी तुम्हाला घ्यायची नव्हती.

पाठ फिरवणे हा शब्दप्रयोग आपण ऐनवेळी दगा देणाऱ्यासाठी वापरतो. त्या दिवशी मात्र, वर्षभरात पहिल्यांदाच, माझ्या मुलीवर एकही डोळा रोखलेला नव्हता. भाजीवालीही तशीच थोर. मागे दोन गिऱ्हाइके ताटकळत असताना ती स्वस्थपणे पाने निवडत राहिली, गिऱ्हाइकेही चकार शब्द बोलली नाहीत. आणि तिच्या हातावर तीसऐवजी एकतीस रुपये पडले तेव्हा "बाय, हो तुजो" म्हणून तिने रुपया परत केला, एवढेच. एरवी पाच रुपयांसाठी हुज्जत घालणाऱ्या बाजारात एवढी सभ्यता असते, आणि ती शिकवण्याचे शुल्क घेणाऱ्या इमारतींत ती सापडू नये, याचा मला अजूनही राग येतो.

तो बटवा अजून आमच्याकडेच आहे, त्याबद्दल क्षमा असावी. त्यात वीस रुपये आहेत. मी ते सगळे तुमच्याकडे पोचवायला निघाले होते, पण लेकीने अडवले. तिच्या हिशेबाने त्यातले तुमचे एकोणीसच आहेत. विसावा रुपया भाजीवालीने "तुजो" म्हणून तिला दिलेला आहे. हा वाद मला सोडवता येत नाही. रविवारी ती बटवा घेऊन स्वतः येणार आहे, तेव्हा तुम्हीच काय ते बघा.

तुमची कृतज्ञ,
कुंपणापलीकडची शेजारीण