काळोख खोलीत करावा, अ‍ॅपमध्ये नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

डच चित्रकार रेम्ब्रांटच्या चित्रांसारखा एका बाजूने उजळलेला चेहरा हल्ली फोटोतही हवा असतो. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत बाराबंदी हा पांढरा अंगरखा घातलेल्या ज्येष्ठांचे असे फोटो मोबाइलवर ढिगाने फिरतात. त्यातले बरेचसे सपाट उजेडात काढून मग अ‍ॅपमध्ये काळे केलेले असतात. ओळखायला सोपे: कडा काळ्याकुट्ट, पण नाकाला सावलीच नाही.

खरे तर थेट ऊन न येणारी एक खिडकी पुरते; सोलापुरात ती उत्तरेचीच बघावी. आपल्या खिडक्या जमिनीपासून तीनेक फुटांवर सुरू होतात. त्यामुळे उजेड हनुवटीखालूनही शिरतो आणि चेहऱ्याचा घाट मोडतो. म्हणून पाच फुटांपर्यंतचा भाग काळ्या कार्डशीटने झाका. खुर्चीवर बसलेल्याचे डोळे साधारण चार फुटांवर येतात. खिडकीपासून दोन-अडीच फुटांवर बसवले की उजेड वरून तिरपा, ४५ अंशांच्या आसपास पडतो. कॅमेरा खिडकीच्या बाजूलाच, भिंतीलगत ठेवा. आता मान खिडकीपासून हळूहळू फिरवायला सांगा. नाकाची सावली गालाच्या सावलीला मिळाली की अंधाऱ्या गालावर, डोळ्याखाली, उजेडाचा त्रिकोण उरतो. तो डोळ्याहून रुंद नको, नाकाहून लांब नको. सावली ओठावर उतरली तर उजेड फार उंच आहे. त्या बाजूच्या डोळ्यातला चमकता ठिपका गेला तर मान जास्त वळली आहे.

मागची भिंत माणसापासून सहा-सात फूट दूर असू द्या, म्हणजे ती आपोआप काळोखात जाते. त्यावर काळी घोंगडी टांगली तर उत्तमच. लोकर उजेड पिते, सॅटिन चमकते. सोलापुरी चादर इथे नको. तिची नक्षी चेहऱ्याशी भांडते.

फसगत होते ती अंधाऱ्या गालासमोरच्या भिंतीमुळे. पिस्ता किंवा गुलाबी रंग सावलीत उतरतो आणि गाल आजारी दिसतो. तिथे काळे कापड लावा. सावली फारच गडद झाली तर तीन-चार फुटांवर पांढरा थर्माकोल धरा. ट्यूबलाइट बंदच हवी. बाराबंदीचा पांढरा रंग खालून उजेड परत फेकतो, म्हणून मांडीवर गडद शाल टाकावी.

चौकटीत काळे जास्त असले की कॅमेरा गोंधळतो आणि चेहरा पांढराफटक करतो. एक्स्पोजर एक स्टॉप कमी करा, म्हणजे उजेड निम्मा घ्या. मोबाइलवर उजळ गालावर बोट दाबून धरा, मग सूर्याची खूण खाली ओढा. एचडीआर (उजेड-सावलीतला फरक कमी करणारी सोय) बंद, नाहीतर सावली परत धुतली जाते. बाराबंदीच्या कापडाची वीण दिसली पाहिजे, हा सोपा मापदंड. सावळा चेहरा ‘गोरा’ करणारे फिल्टर तर हद्दपारच करावेत. सावळ्या त्वचेवर कपाळाची, गालफडाची चमकच आकार दाखवते आणि फिल्टर नेमकी तीच पुसतो.

हातात दिवा धरलेल्या स्त्रीचे म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधले चित्र अनेक जण नकलतात. (ते राजा रविवर्मा यांचे नाही, सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचे, आणि तेही जलरंगातले!) त्यासाठी हनुवटीखाली टॉर्च धरली की भूत तयार होते. दिवा छातीच्या उंचीवर, पण हातभर पुढे आणि किंचित बाजूला हवा. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातला रंगांचा तोल) ऑटोवर ठेवला तर ज्योतीचा पिवळेपणा मरतो.

एक विनंती आपल्या छपाई विभागालाही. वर्तमानपत्री कागदावर शाई पसरते, गडद भाग भरून येतो. अशा फोटोंमधल्या सावल्या छपाईपूर्वी थोड्या उजळाव्यात, पण रकान्यात बसवताना अंधारी बाजू कापू नये. ती कापली की उरतो तो पासपोर्टचा फोटो.

आपले,
सोलापुरातील काही स्टुडिओ छायाचित्रकार