पॅराशूट मोठं घेतलंय

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

पत्र लांबलं आहे, म्हणून दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला सांगितलं. बाबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मोबाइलला तोंड लावून बसायचं नाही असं डॉक्टर म्हणालेत आणि तुम्ही ऐकत नाही, हे मला इथे बसून कळतं. दुपारचा चहा होऊ द्या, बीपीची गोळी घेतली का ते बघा, मग वाचा. बातमी वाईट नाही. मी ठणठणीत आहे, नोकरी ठीक चालली आहे, घरात भाजी आहे.

मावशीच्या ग्रुपवर जो फोटो फिरतोय त्यातली मुलगी मीच. निळं हेल्मेट, पाठीवर बोजा, खाली तपकिरी-हिरवे चौकोन दिसतात ती ॲरिझोनातली शेतं. "कुणाच्या तरी पोटाला बांधून एकदा मारली असेल उडी, सगळे टुरिस्ट मारतात," असं दादाने तुम्हाला सांगितलं. तुमचा जीव खाली-वर होऊ नये म्हणून सांगितलं, त्याला बोलू नका. तशी उडी मारली ती पहिली, तिला टँडम म्हणतात. त्यानंतर मी रीतसर कोर्स केला, परीक्षा दिली आणि आता माझ्याकडे एकटीने उडी मारायचं, पहिल्या पायरीचं 'ए' लायसन्स आहे. किमान २५ उड्या झाल्याशिवाय ते देत नाहीत, तेव्हा अंदाज तुम्हीच बांधा. आणि आता मी स्वतःचं पॅराशूट विकत घेतलंय. विचारायला लिहीत नाहीये, सांगायला लिहितेय. आई, हे वाक्य तुला टोचलं तर माझ्या आवाजात पुन्हा वाच, मग नाही टोचणार.

आणि अगं, सुरुवात तू केलीस! २०१८ मध्ये शीतल महाजन यांनी नऊवारी नेसून थायलंडमध्ये विमानातून उडी मारली, तो फोटो मला कुणी पाठवला? खाली "आपल्या पुण्याची पोर बघ!" असं कुणी लिहिलं? त्यांनी तर आयुष्यातली पहिली उडी २००४ मध्ये थेट उत्तर ध्रुवावर मारली होती. मी असलं काही करणार नाही. मी आपली चँडलरहून हायवेने तासाभराच्या आत एलॉय नावाच्या गावाला जाते. सपाट वाळवंट आहे, झाड नाही, तारा नाहीत, पाणी नाही. उतरायला इतकी मोकळी जागा की चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. (जवळपास. काही लोक तरीही चुकतात.)

आता बाबा, तुमचा भाग. आईला कंटाळा आला तर तिने हा सोडून पुढे जावं.

पाठीवरच्या बोज्यात पॅराशूट एक नसतं, दोन असतात. खालचं मेन, वरचं रिझर्व्ह. मेनची घडी मी स्वतः घालते. रिझर्व्हला हात लावायचा मला अधिकारच नाही. ते सरकारी लायसन्स असलेला रिगर भरतो, आणि भरून झालं की पिनेला लाल दोरा गुंडाळून शिशाचं सील लावतो. बाबा, तुम्ही मीटरला लावायचात तस्संच सील! पक्कडीने दाबलेलं, त्यावर रिगरची खूण उमटलेली. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा किती तरी वेळ अंगठ्याने चाचपत बसले होते. रिझर्व्ह एकदाही उघडलं नसलं तरी दर १८० दिवसांनी ते सोडून, तपासून, पुन्हा भरावंच लागतं. सोबत कार्ड असतं, त्यावर तारीख आणि सही. तारीख उलटली की विमानात पाय ठेवू देत नाहीत.

मेन नीट उघडलं नाही तर? उजव्या हाताची उशी ओढली की मेन सुटून जातं, डावं हँडल ओढलं की रिझर्व्ह येतं. मेन सुटण्यासाठी दोन्ही खांद्यांवर एकात एक अडकवलेल्या तीन-तीन कड्या असतात. सगळा भार एका बारीक दोऱ्याच्या फाशावर येईपर्यंत कडीगणिक कमी होत जातो, म्हणून हाताच्या साध्या ओढीने माणूस मोकळा होतो. हातोडी नाही, चावी नाही, बॅटरी नाही. तुम्हाला हे बघायला फार आवडेल. मी घेतलेल्या बोज्यात आणखी एक सोय आहे, सुटून जाणारं मेनच जाता जाता रिझर्व्हला बाहेर खेचतं.

आणि मी बेशुद्ध पडले तर? (हा प्रश्न आई विचारणार.) त्यासाठी आत 'सायप्रस' नावाचं जर्मन यंत्र आहे, १९९१ पासून वापरात. ७५० फुटांवर आली तरी पोरगी दगडासारखी खाली येतेय असं त्याला कळलं की ते रिझर्व्हचा बंद कापून टाकतं. हे मात्र मी कोरं करकरीत घेतलं. बोजा स्वतः, म्हणजे पट्टे आणि पिशवी, सेकंडहँड आहे. आई, नाक मुरडू नकोस. रिगरने टाका न् टाका बघून दिलाय आणि पट्टे माझ्या मापाचे आहेत. सैल पट्ट्यांचा नवा बोजा घेण्यापेक्षा मापाचा जुना बरा, असं इथे जाणती माणसं सांगतात आणि मलाही पटलं. पैसे वाचले ते यंत्रात आणि हेल्मेटात घातले. कर्ज काढलेलं नाही.

खरी गंमत पॅराशूटच्या मापावरून झाली. हँगरमध्ये मोठं कार्पेट अंथरलेलं असतं, त्यावर सगळे गुडघ्यांवर बसून घड्या घालतात, आणि जितकी तोंडं तितकी मतं. हे कापड घे, ते घेऊ नकोस, सात खणांचं (खण म्हणजे पॅराशूटमधले हवा भरायचे कप्पे) घे, नऊ खणांचं घे. मी १७० चौरस फुटांचं घेणार म्हटल्यावर तर हसायलाच लागले. "बस आहे ती! चार वीकेंडमध्ये कंटाळशील. १५० घे, निदान पुन्हा खर्च नको." हे सांगणारे भले लोक आहेत. घडी चुकली की न सांगता येऊन हात लावतात. पण त्यांचं ऐकलं नाही. सगळं सामान धरून माझं वजन दीडशे पौंडांच्या आसपास भरतं, म्हणजे १७० मध्ये दर चौरस फुटाला पौंडसुद्धा पडत नाही. असं पॅराशूट हळू येतं, हळू वळतं, नवशिक्याला सावरायला वेळ देतं. लहान पॅराशूट वेगाने येतं, आणि जमिनीजवळ जरा जोरात वळलं की संपलं. या खेळात जीव जातात त्यांतले बरेच न उघडलेल्या पॅराशूटने जात नाहीत. डोक्यावर चांगलं, उघडलेलं पॅराशूट असताना, खाली येऊन हौसेने घेतलेल्या वळणाने जातात. त्या तीन कड्यांची युक्ती ज्यांनी काढली ते बिल बूथ म्हणत आलेत की साधनं जितकी सुरक्षित होतील तितका माणूस जास्त धोका घेईल. मला हे तंतोतंत खरं वाटतं. यंत्र आहे म्हणून पाच सेकंद उशिरा उघडणारे मी बघितलेत. तीन हजार फुटांच्या आत नको असा माझ्या लायसन्सचा नियम आहे, मी चार हजारांवर उघडते. रिझर्व्हही मी मोठंच घेतलंय. ज्या दिवशी ते लागेल त्या दिवशी मी शुद्धीवर असेनच असं नाही, मग तिथे कंजूषी कशाला?

तुम्हाला आकडा हवा असणार. २०२३ मध्ये अमेरिकेत साधारण साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि १० माणसं गेली. दहा हा आकडा शून्य नाही, हे मला कळतं. पाय मुरगळणं, घोटा मोडणं हे तर त्याहून पुष्कळ जास्त होतं. काहीच होणार नाही असं मी म्हणणार नाही, कारण तुम्ही ते खरं मानणार नाही आणि मग बाकीच्या पत्रावरचाही विश्वास उडेल.

वारा असला तर मी उडत नाही. शिकाऊ मुलांना ताशी १४ मैलांच्या वर वारा असेल तर बंदी असते. लायसन्स मिळाल्यावर ज्याच्या त्याच्या अकलेवर सोडतात. मी अजून चौदावरच थांबते. उन्हाळ्यात इथे भरदुपारी वावटळी उठतात, धूळ असली तर दिसतात, नसली तर दिसतही नाहीत, आणि जमिनीजवळ आलेल्या पॅराशूटला त्या कापडासारख्या पिळतात. म्हणून उन्हाळ्यात माझं सगळं सकाळी. दहाच्या पुढे मी सावलीत बसून लिंबूपाणी पिते. टोपी घालते. सनस्क्रीन लावते. बाटली दोन लिटरची आहे. डबा घरून नेते, पोळी-भाजीचा, कारण तिथलं बर्गर रोज झेपत नाही.

माणसांचंही सांगते, कारण "कोण असतात गं तिथे?" हे येणारच. नर्स आहेत, प्लंबर आहेत, एक निवृत्त शाळामास्तर आहेत, बाबांच्याच वयाचे. माझी मुख्य इन्स्ट्रक्टर आजी आहे, खरोखरची, नातवंडंवाली. विमानात चढण्याआधी अनोळखी माणूससुद्धा "पिन बघू का?" असं विचारून पाठीमागचं तपासून देतो. कुणीही काहीही पहिल्यांदा केलं की त्याने सगळ्यांना बियर आणायची असा रिवाज आहे. मी लायसन्सच्या दिवशी बियरसोबत भडंगाची दोन पाकिटं नेली, तू जयसिंगपूरहून मागवून पाठवलेली. लसूण जास्त आहे म्हणून मी भीत होते, पण भडंग आधी संपला. आता बियर नको, तेच आण म्हणतात. बियर मी पीत नाही, असं लिहिणार होते. थोडी पिते. उड्या संपल्यावर, सूर्य मावळल्यावर.

हे सगळं गेल्या वर्षीच्या प्रकारामुळे का, असं तुम्ही एकमेकांना विचाराल, मला नाही विचारणार. नाही, त्यामुळे नाही. म्हणजे त्याच सुमाराला सुरू झालं, एवढंच. १३ हजार फुटांवर दार उघडतं तेव्हा मला भीती वाटते, अजूनही, दर वेळी, आणि ती भीती पुरती माझी असते. पुढचं जेमतेम मिनिटभर. मग पॅराशूट उघडतं आणि एकदम इतकं शांत होतं की दोऱ्यांतून जाणारा वारा ऐकू येतो.

बाबा, आत्याच्या मळ्यातली विहीर आठवते? माझ्या पाठीला तेलाचा डबा तुम्ही बांधायचात, दोरी दोनदा ओढून बघायचात आणि मग स्वतः आधी पाण्यात उतरून वर हात करायचात. आई काठावर डोळे मिटून उभी, आणि "झालं का? झालं का?" मी रडत होते असं तुम्ही सगळ्यांना सांगता. मी रडत नव्हते, डब्याची कड टोचत होती.

आता माझं ऐका. बाबा, टाकीत पाणी किती आहे ते बघायला शिडीने वर चढायचं नाही. मला शेजारच्या काकूंनी सांगितलंय. दादाला फ्लोट स्विचचे पैसे पाठवलेत, या आठवड्यात बसलाच पाहिजे. रक्त पातळ होण्याची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही, मिरजेचे डॉक्टर काय म्हणाले होते ते विसरलात का? आई, गुडघ्याचे व्यायाम टीव्ही बघता बघता कर, पण कर. साखर तीन महिन्यांनी तपासायची, सहा महिन्यांनी नाही. बाथरूमची चटई बदला, ती गुळगुळीत झालीय. माझ्या उड्यांवर ग्रुपवर कुणाशी वाद घालायचा नाही. काका काहीतरी बोलणारच, बोलू दे. आणि उपास कमी कर गं, माझ्या नावाने नवा तर अजिबात धरू नकोस.

कागदपत्रं: माझ्या विम्यात हा खेळ चालतो का ते मी आधी वाचून घेतलं, वेगळा हप्ता भरलाय. नॉमिनी तुम्ही दोघं. हे लिहिताना मलाच कसंतरी झालं, पण बाबा, कागद अर्धवट ठेवलेले तुम्हालाच चालत नाहीत.

हिवाळ्यात इथे याल तेव्हा हवा छान असते. एलॉयला यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आलात तर सावलीत खुर्च्या आहेत, थर्मासमध्ये चहा मी आणेन, आणि बाबांना रिगरच्या टेबलाशी बसवीन. नाही आलात तरी मला वाईट वाटणार नाही. थोडं वाटेल.

एक शेवटचं. ॲरिझोनात घड्याळं पुढे-मागे करत नाहीत, म्हणून आपल्यात बारा महिने साडेबारा तासांचंच अंतर असतं. तुमचे शनिवारी रात्रीचे साडेआठ म्हणजे माझे सकाळचे आठ, पहिलं विमान साधारण तेव्हाच. उडायच्या आधी मी तुम्हाला कळवणार नाही. कळवलं तर आई घड्याळासमोर बसेल आणि इथे नुसता वारा आहे म्हणून आम्ही तीन-तीन तास जमिनीवर गप्पा मारत बसलेलो असू. त्यामुळे शनिवारी माझ्या मेसेजची वाट बघायची नाही. जेवा, बातम्या बघा, झोपा. रविवारी तुमच्या सकाळी नऊला मी फोन करीन, रोजच्यासारखा. बाबांनी उचलायचा, आणि लगेच आईकडे द्यायचा नाही, आधी सायप्रसबद्दल काय विचारायचंय ते विचारायचं.

तुमची,
मनू