फेडलेल्या कर्जाची नोंद न्यायालयात कोण करणार?

महोदय,

दुकानाच्या थकीत कर्जापोटी माझ्या धाकट्या भावाविरुद्ध २०१४ साली दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा झाला. पुढच्या चार वर्षांत त्याने पै न् पै फेडली. आता घरकर्जाला गेला, तर सिबिल या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या अहवालात जुनी थकबाकी तशीच! बँकेने पावती दिली, पण सिव्हिल लाइन्सच्या न्यायालयात वसुली झाल्याचे कोणी कळवलेच नव्हते.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम २ प्रमाणे न्यायालयाबाहेर भरलेल्या रकमेची नोंद न्यायालयात व्हावी लागते. नाहीतर हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या वेळी ती रक्कम फेडलेली धरत नाहीत. ही नोंद कळवणे हे पैसे घेणाऱ्याचे काम. ऋणकोला, म्हणजे कर्जदाराला, स्वतः अर्ज करायचा, तर मुदत अवघी ३० दिवस. हुकूमनाम्याची अंमलबजावणी मात्र १२ वर्षांपर्यंत मागता येते. हे सामान्य दुकानदाराला कोण सांगणार? शेवटचा हप्ता घेतानाच बँकेने सांगायला हवे.

सिबिलची चूक तक्रारीनंतर ३० दिवसांत सुधारली नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आम्ही तक्रार केली आहे. इतरांनीही वर्षातून एकदा मोफत मिळणारा अहवाल जरूर तपासावा.

– एक वाचक, महाल, नागपूर