बातमीतला कृष्णवर्णीय माणूस

महोदय,

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या माध्यमांतील चित्रणाचा विषय निघाला की चर्चा बहुधा चित्रपटांपाशीच थांबते आणि वृत्तपत्रांचा वाटा नजरेआड राहतो. १८८० मध्ये सुरू झालेल्या ‘कॅन्सस सिटी स्टार’ या दैनिकाने डिसेंबर २०२० मध्ये स्वतःचेच जुने अंक तपासून कृष्णवर्णीय नागरिकांची जाहीर माफी मागितली, ती या दृष्टीने मुळातून वाचण्यासारखी आहे. शहरातील कृष्णवर्णीय वस्ती या दैनिकात दशकानुदशके प्रामुख्याने गुन्ह्यांच्या बातम्यांपुरतीच उरली होती. १९७७ च्या पुरात २५ माणसे दगावली, त्यांत आठ कृष्णवर्णीय होते. पण दैनिकाचा भर राहिला तो उच्चभ्रू बाजारपेठेच्या नुकसानीवर. त्याच शहरात वाढलेला थोर जॅझवादक चार्ली पार्कर याला ठळक मथळा मिळाला तो मृत्यूनंतर, आणि तेव्हाही नाव व वय दोन्ही चुकीचे छापले गेले! २०२० मध्ये जुने अंक तपासताना पडताळणीसाठी ‘स्टार’च्या वार्ताहरांना कृष्णवर्णीयांच्या ‘द कॉल’सारख्या वृत्तपत्रांकडे वळावे लागले. डॉ. आंबेडकरांना १९२० मध्ये ‘मूकनायक’ का काढावा लागला, हे जाणणाऱ्या मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये.

आपल्याकडेही आफ्रिकी नागरिक बातमीत येतात ते बहुधा अमली पदार्थ वा ऑनलाइन फसवणुकीच्या प्रकरणांत, आणि मथळ्यात आरोपीच्या नावाआधी त्याचा देश झळकतो. पुण्यात शिकणाऱ्या किंवा मुंबईतून कपड्यांचा व्यापार करणाऱ्या आफ्रिकी लोकांविषयीही आपल्या वार्ताहरांनी त्यांना भेटून लिहावे, ही विनंती.

– एक वाचक, पुणे