खोकला नाही, कोची

शिलाँग, गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

ती. आई-बाबा, साष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, सगळं बरं आहे. दादाच्या व्हॉट्सअॅपवर टाकलं असतं पण मग तो अर्धं गाळून आईला ओरडून वाचून दाखवणार आणि गल्लीला सगळं कळणार. म्हणून वहीची पानं फाडून लिहितोय. बाबा, तुम्ही आधी वाचा पण आईला वाचून दाखवू नका, तिच्या हातात द्या. चष्मा टीव्हीवर असतो तिचा.

आई, मागच्या महिन्यात मी फोन केला, म्हटलं कोचीला आलोय. तू म्हणालीस, "खोकला आलाय? हळद-दूध घे की गं." मी परत म्हटलं, कोची, कोची. तू म्हणालीस, "कोरडा खोकला वाईट, अंगावर काढू नको." मग मी म्हटलं हो घेतो. बँडची पोरं मागं उभारून ऐकत होती, आता कुठं काय बिघडलं की सगळे म्हणतात हळद-दूध दे त्याला. मी पण हसलो तेव्हा. रात्री झोप नाही लागली.

(आमच्या क्रूमध्ये पुण्याची एक आहे, ती मला सारखी दुरुस्त करते, मुलगी असून "आलो, गेलो" काय म्हणतेस. मी म्हटलं आमच्या बेळगावात आईपण असंच बोलते, आजीपण असंच बोलायची, तू कोण सांगणार.)

आधी बाबांचं उत्तर देतो. बाबा, गणपतीत आलो नाही म्हणून तुम्ही विचारलात, अल्बम निघाला म्हणजे काम संपलं की, मग गावोगाव कशाला हिंडूलालाय? असं आहे बाबा, आता कॅसेट कोण घेत नाही, मोबाईलवर हजार वेळा गाणं वाजलं तर एका जेवणाचे पैसे सुटले तर सुटले. पैसा सगळा शोचा. तिकीट, टी-शर्ट, कॉलेजवाल्यांचं मानधन. म्हणून अल्बम काढायचा आणि तो घेऊन हिंडायचं. टीव्हीवर तुम्ही अहमदाबादचा कोल्डप्लेचा कार्यक्रम बघितला ना जानेवारीत, एवढी गर्दी मेली कशाला म्हणत होता, त्यांचा अल्बम 2021 चा, दौरा सुरू झाला मार्च 2022 मध्ये कोस्टा रिकात, आणि 2025 उजाडलं तरी चालूच. त्यांच्यामागं ट्रक असतात ओळीनं. आम्ही नऊ जण आणि एक टेम्पो ट्रॅव्हलर, लांब असलं तर विमान. स्पीकर, अॅम्प, ड्रम सगळं त्या-त्या गावचा साउंडवाला देतो, आपण फक्त गिटारी, झांजा, स्नेअर (छोटा चपटा ड्रम) आणि माझ्या मशीनची रॅक घेऊन जायची, आणि विमानतळावर दर वेळी त्या झांजांच्या पेटीवरून भांडण. 24 शो आहेत, 19 झाले. गुवाहाटी परवा झालं, उद्या इथं, मग कोलकाता. तुम्ही म्हणाल हा काय रूट लावलाय, मुंबईहून चेन्नई, चेन्नईहून कोची, परत पुणे. मलापण तसंच वाटतं. हॉल जेव्हा मिळेल तेव्हा जायचं, असं चालतं. तुमच्या डेपो मॅनेजरला दिलं असतं तर शेड्यूल नीट लावलं असतं त्यानं.

एक गोष्ट लपवली होती ती पण सांगून टाकतो. पुण्याचा शो संपवून आम्ही रात्री बेंगळूरला निघालो, हायवेनं. कोगनोळी टोलला जागा झालो, निपाणी गेली, संकेश्वर गेलं, वंटमुरीचा घाट उतरताना ड्रायव्हरला म्हटलं जरा हळू, गाव बघतो माझं. सव्वातीन वाजले होते. पाऊस बारीक. गांधीनगरच्या पुलावरून आपल्या बाजूचे दिवे दिसले. दहा मिनिटं वाकडी वाट केली असती की दारात. पण सकाळी दहाला बेंगळुरात सामान चढवायचं होतं आणि एकदा दार वाजवलं असतं तर आईनं पोहे केल्याशिवाय सोडलं नसतं. शिवाय दार वाजवून तरी उपयोग काय, तिला ऐकू आलं नसतं, तुम्हीच उठला असता. सुवर्णसौध मागं पडेपर्यंत काचेला डोकं लावून बसलो होतो.

आई, आता तुझ्याकडं येतो.

मी नेमकं काय काम करतो हे तुला कधी नीट सांगितलं नाही, तू बायकांना सांगतेस स्पीकरचं बघते. समोर लोकांना जो आवाज जातो तो दुसरा माणूस बघतो. मी स्टेजच्या बाजूला अंधारात असतो, आणि वाजवणाऱ्यांच्या कानात काय जावं ते बघतो. प्रत्येकाच्या कानात बोळे असतात, त्याला इन-इअर म्हणतात, आणि प्रत्येकाला वेगळं ऐकायचं असतं, ड्रमवाल्याला बेस पाहिजे, गाणाऱ्याला स्वतःचाच गळा पाहिजे, दुसऱ्या गिटारवाल्याला पहिला गिटारवाला अजिबात नको (त्यांचं भांडण आहे). आणि शो चालू असताना तिथं बोलता येत नाही. ओरडलं तरी ऐकू येत नाही. मग ते माझ्याकडं बघून हात करतात. कानाला बोट आणि बोट वर, म्हणजे वाढव. तळहात खाली, कमी कर. बाकीचं ओठावरून.

कोचीत तिसऱ्या गाण्याला गाणाऱ्याच्या कानातलं बंद पडलं. घामानं. तो गातच होता, पण मान जरा तिरकी झाली, आणि पुढच्या ओळीच्या फटीत त्यानं माझ्याकडं बघून ओठ हलवले, "गेलं." मी ड्रमच्या मागून रांगत गेलो, त्याच्या कानातल्याला जोडलेला कमरेचा डबा काढला, दुसरा लावला, वायर शर्टातून वर. लोकांना वाटलं शर्ट नीट करतेय. नंतर आमच्या मॅनेजरनं विचारलं, एवढ्या अंधारात तुला ओठ कसे वाचता येतात, कुठं शिकलीस?

वडगावच्या मागाच्या शेडमध्ये, अजून कुठं. शाळा सुटली की मी तुझ्या मागाशेजारी पोत्यावर बसायचो, कांड्या भरायचो. धोटा इकडून तिकडं, खाड खाड खाड, सोळा माग एकदम. तिथं कोण बोलत होतं काय? चार मागांच्या पलीकडची मावशी नुसते ओठ हलवायची आणि तू हसायचीस, सासूबद्दल असणार. दोन बोटं वर म्हणजे चहा आला. हात आडवा कापला की माग बंद कर, धागा तुटलाय. मला सातव्या वर्षी ते सगळं येत होतं. मी लाखभर रुपये घालून साउंडचा कोर्स केला, आणि ज्याचे मला पैसे मिळतात ते तू मला फुकट शिकवलंस.

पण त्या शेडनं तुझे कान घेतले, आई. 26 वर्षं.

मी रोज मीटरवर आकडे बघतो म्हणून मला माहीत आहे. 85 डेसिबलच्या आवाजात माणसानं आठ तास काम केलेलं चालतं, त्याच्यावर नाही. आणि दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मी, 88 ला चार तास, 91 ला दोन, असं करत 100 ला फक्त पंधरा मिनिटं. जुन्या पॉवरलूमच्या शेडमध्ये शंभराच्या आसपास जातो आवाज. म्हणजे तुझी दिवसभराची लिमिट सकाळच्या चहाआधीच संपत होती. कानात आत बारीक केसांसारख्या पेशी असतात, त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत. आणि आधी जातात त्या बारीक, टोकदार आवाजाच्या. म्हणून तुला आवाज येतो पण शब्द कळत नाही, "क", "स", "च", "ख" हे सगळं आधी पुसट होतं. म्हणून कोचीचा खोकला होतो. तुझं डोकं बिघडलेलं नाही आणि आम्ही पुटपुटतपण नाही.

आता दुसरी लपवलेली गोष्ट. बाबा, रागावू नका, चौदा वर्षं झाली. ऑक्टोबर 2011 मध्ये मी मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नाला गदगला गेलो नव्हतो. राणी चन्नम्मानं बेंगळूरला गेलो होतो, जनरल डब्यातून, पॅलेस ग्राउंडवर मेटॅलिका नावाचा बँड बघायला. 30 तारीख, रविवार. दोन दिवस आधी त्यांचा गुडगावचा शो बॅरिकेड मोडल्यामुळं रद्द झालेला, त्यामुळं इथं होतो की नाही म्हणून जीव टांगणीला, पण झाला. चिखलात उभारून ऐकलं, घरी आलो तर कानात दोन दिवस शिट्टी. मी घाबरून तुला विचारलं होतं, आई, कानात शिट्टी वाजते. तू भाकरी थापत होतीस. म्हणालीस, "माझ्या रोजच वाजते, त्याला काय होतंय."

मी तेव्हा बरं म्हणून गप्प बसलो. तेच वाक्य मला अजून टोचतं. तुला वाटत होतं सगळ्यांच्याच कानात वाजतं.

एसी/डीसी नावाचा बँड आहे (बाबा म्हणतील इलेक्ट्रिकचं दुकान). त्यांचा गाणारा ब्रायन जॉन्सन. 2014 च्या अल्बमसाठी त्यांचा मोठा दौरा चालू होता, 2016 च्या मार्चमध्ये डॉक्टरनं सांगितलं आता थांब, नाहीतर पूर्ण बहिरा होशील. थांबला. बाकीचे शो दुसऱ्या बँडच्या माणसानं गाऊन पुरे केले. मग त्यानं कानाच्या मशीनवाल्या एका माणसाबरोबर बसून नवीन पद्धतीचं इन-इअर करून घेतलं, आणि 2024 मध्ये 76 व्या वर्षी परत दौऱ्यावर, युरोपभर. कोट्यधीश माणूस, त्याला कानात काहीतरी घालायची लाज नाही वाटली. तू 63 ची आहेस आणि म्हणतेस मशीन लावली तर लोक म्हातारी म्हणतील. लोक आताच बहिरी म्हणतात, आई. मी ऐकलंय, हळदी-कुंकवाच्या वेळी, तुझ्या पाठीमागं. तू नाही ऐकलंस.

तर मी 14 तारखेला येतो. कोलकात्याचा शो झाला की चार दिवस मोकळे आहेत, आणि सोमवारी सकाळी आपण कान तपासायला जातोय, दादाला नंबर लावायला सांगितलाय. काही दुखत नाही. बंद खोलीत बसवतात, कानाला हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं, अर्धा तास. पैशाचं विचारू नको, पहिल्या दहा शोचे मी बाजूला ठेवलेत. मशीन लावल्यावर पहिले काही दिवस भांडी, पंखा, कोंबडी सगळं अंगावर येईल, काढून डब्यात टाकू नको. किती वाढवायचं, किती कमी करायचं ते तू मला हात करून सांग.

बाबा, तुम्हीपण भजनाला त्या पत्र्याच्या हॉलमध्ये स्पीकरच्या समोर बसू नका. आणि विसर्जनाच्या डीजेबद्दल मी काही बोलत नाही, ते वेगळं पत्र होईल.

माझी चादर उन्हात टाक. कुंदा आणून ठेवू नका, येताना मी क्रूसाठी घेणारच आहे. आता खाली कोणतरी दार बडवतंय, सकाळी सहाला सामान उतरवायचंय.

तुमची,
बेबी

ता.क. बाबा, 14 ला फोन करणार नाही, सरळ येतो. मागच्या दाराची कडी काढून ठेवा.