उन्हाचे इंधन आणि निळी ताडपत्री

मा. संपादक,
स. न.

‘पाण्यावर चालणारी गाडी’ असा एखादा संदेश मोबाइलवर महिन्याकाठी येतोच. परवा शेजारच्यांनी मलाच गाठले, “सर, खरे का हो हे?” पाणी म्हणजे जळून गेलेल्या हायड्रोजनची राख, ती कसली पेटणार, हे समजावता समजावता चहा निवला. पण त्या राखेतून उन्हाच्या जोरावर हायड्रोजन परत काढायची खटपट मात्र खरी आहे.

१९७२ साली फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन करून दाखवले. घरच्या पांढऱ्या रंगात असतो तोच हा पदार्थ. तो फक्त अतिनील किरण शोषतो आणि उन्हात ते जेमतेम चार-पाच टक्के. म्हणून अनेकांचे लक्ष वीजवाहक पॉलिमरकडे, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या प्लास्टिककडे, गेले. हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांनी १९७७ साली असे पॉलिमर दाखवले, २००० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. रेणूंच्या साखळीत थोडा फेरफार केला की उन्हातला कोणता रंग शोषायचा ते बदलता येते. शिवाय यातले बरेच पॉलिमर विरघळवून रंगासारखे फासता येतात. अडचण अशी की प्रकाशाने जागा झालेला इलेक्ट्रॉन दहाएक नॅनोमीटर सरकतो न सरकतो तोच पुन्हा जागेवर येतो. तेवढ्या अंतरात त्याला उत्प्रेरक, म्हणजे रासायनिक क्रियेला चालना देणारा पदार्थ, भेटला तरच हायड्रोजन.

दुसरी अडचण कळायला प्रयोगशाळा नको. पावसाळ्यात व्हरांड्याला बांधलेली निळी ताडपत्री आम्ही एकदा आळसाने मेपर्यंत तशीच ठेवली. सोडायला गेलो तर हातात भुगा आला. ताडपत्रीही पॉलिमरचीच. ऊन आणि हवेतला प्राणवायू मिळून पॉलिमरची साखळी तोडतात. जे ऊन शोषायचे तेच मारक! त्यात आपली खारी, दमट हवा.

माझी सूचना इथेच आहे. हा नवा लेप किती टिकतो हे तपासायला गोव्याइतकी कठोर जागा सहसा मिळायची नाही. आमच्या प्रयोगशाळेत ॲनिलीन हे तेलकट द्रवरूप रसायन असायचेच. आम्लात मिसळून अमोनियम परसल्फेट घातले की बीकरमध्ये गर्द हिरवे वीजवाहक पॉलिमर तयार, आणि अमोनियाच्या वाफेत धरले की ते निळे. मुले दर वेळी “सर, परत एकदा” म्हणायची. हे पॉलिमर काही पाणी फोडणार नाही, पण सरावाला उत्तम. त्याच्या लेपाच्या काचपट्ट्या पणजी, वास्को, फोंडा आणि वाळपईच्या महाविद्यालयांनी गच्चीवर ठेवाव्यात. रंग आणि विद्युतरोध दर आठवड्याला नोंदवावा. गोवा विद्यापीठाने या नोंदी एकत्र ठेवाव्यात आणि पुढे खऱ्या प्रकाशशोषक पॉलिमरच्या पट्ट्याही त्याच गच्च्यांवर चढवाव्यात.

सौर पॅनेल आणि त्यांचे अनुदान चालू राहूद्या, माझा विरोध नाही. पण आषाढात पॅनेल ढगांकडे बघत बसते, तेव्हा एप्रिलचे ऊन हायड्रोजनच्या रूपात टाकीत भरून ठेवलेले असावे, एवढाच माझा हट्ट. पट्ट्या जूनच्या आत गच्चीवर चढल्या तर पहिलाच पावसाळा हाती लागेल.

– एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, फोंडा